रोजकीर्द, खतावणी आणि सर्व्हर : सिरसाळ्याच्या निमित्ताने हिशेबलेखनाचा एक इतिहास

मराठीतील हिशेबाचे शब्द फार चिवट आहेत. राज्ये गेली, लिपी बदलली, नाणी बदलली. परंतु जमा, खर्च, बाकी, वसूल, थकबाकी हे शब्द आपल्या जागेवरून हलले नाहीत. जमा, खर्च व बाकी हे तीनही शब्द मूळचे अरबी. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि खेड्यातील निरक्षर माणसाच्याही तोंडी स्थिरावले. दप्तर ह्या शब्दाचा प्रवास तर त्याहून लांबचा आहे. ग्रीकमधील ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहिण्याच्या प्रघातामुळे तोच शब्द लेखसंग्रहाचा वाचक झाला, फारसीत ‘दफ्तर’ झाला आणि तेथून मराठीत उतरला. कातडे, कागद आणि आता सर्व्हरची चकती अशी लेखनाची द्रव्ये बदलत गेली, तरी दोन प्रश्न मात्र बदलले नाहीत. दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, आणि ज्याच्या नावाने त्यात नोंद आहे त्याला ते वाचता येते काय, हे ते दोन प्रश्न होत.

बीड जिल्ह्याच्या परळी-वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा हे परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव आहे. सहकारी संस्था, अडत्याचे दुकान, खतविक्रीचे केंद्र, पतसंस्था अशा ठिकाणी रोजचे व्यवहार आज संगणकावर लिहिले जातात. अशा गावी मुक्तस्रोत संगणकप्रणालीवर हिशेबाचा सर्व्हर उभा करणे हे वरवर पाहता निव्वळ तांत्रिक काम आहे. परंतु त्यामागे ह्या प्रदेशातील हिशेबलेखनाचा दीर्घ इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाच्या प्रकाशात पाहिल्यावाचून त्या कामाचा खरा अर्थ कळत नाही.

१

हिशेबाच्या मराठी परंपरेचा आरंभ सामान्यतः देवगिरीच्या यादवांपासून सांगितला जातो. महादेव (१२६०–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) ह्या राजांच्या पदरी असलेला हेमाद्री हा ‘श्रीकरणाधिप’ होता. म्हणजे राजाच्या लेखनकार्यालयाचा तो प्रमुख होता. मोडी लिपी त्यानेच प्रचारात आणली असे परंपरा सांगते, आणि हिशेब व पत्रलेखन शिकविणारी ‘मेस्तके’ही त्याच्याच नावावर सांगितली जातात. ही परंपरा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि हिशेब ही स्वतंत्र विद्या असून ती शिकावी लागते, ही जाणीव महाराष्ट्रात किती जुनी आहे हे तीवरून दिसून येते.

पुढे बहामनी व निजामशाही अमलात ह्या विद्येवर फारसीचा दाट थर चढला. हिशेब तपासणारा तो मुजुमदार. फर्द लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचाच फडणीस झाला. काम करणारा तो कारकून. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त ह्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. पदनामे काही अंशी बदलली. परंतु कीर्दीतील शब्द बदलले नाहीत. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे. दरबारातील शब्द आज्ञेने बदलता येतो. ज्या शब्दावर रोज दहा माणसांचे देणे-घेणे ठरते तो शब्द आज्ञेने बदलत नाही.

मराठी हिशेबपद्धतीचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. प्रथम कच्ची टिपणे खर्ड्यावर होत. त्यांवरून दिवसाचे सर्व व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिले जात. कीर्दीतून प्रत्येक नोंद ज्या त्या माणसाच्या वा बाबीच्या खात्यावर खतावणीत चढविली जाई. खात्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि वर्षाअखेरीस जमा-खर्चाचा मेळ घालून जो निघे तो ताळेबंद. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकीर्दी ह्या इतिहासकारांचे मोठे साधन ठरल्या, ह्याचे कारणही हेच आहे. कीर्द क्रमाने लिहिली जाते; मागाहून सोयीचे ते मध्येच घुसडणे तीत अवघड असते. खतावणी सोयीसाठी असते, कीर्द साक्षीसाठी असते.

२

बीडच्या प्रदेशात हा कारभार अधिक गुंतागुंतीचा होता. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. त्यायोगे एकाच गावाच्या वसुलात निजामाचा हिस्सा निराळा व मराठ्यांचा हिस्सा निराळा असा दुहेरी अंमल आला. चौथाई म्हणजे चतुर्थांश आणि सरदेशमुखी म्हणजे दशांश. ह्या अपूर्णांकांचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी दोन सत्तांच्या मध्ये बसलेला असे, आणि त्याचे दप्तर हीच त्याची शक्ती होती.

एकोणिसाव्या शतकात सालारजंग ह्यांनी हैदराबाद संस्थानच्या कारभाराची नवी घडी बसविली. १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. वरिष्ठ कचेऱ्यांची भाषा प्रथम फारसी होती. १८८० नंतरच्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. परिणामी मराठवाड्यातील शेतकरी मराठी बोले, त्याच्या गावचा पटवारी मोडी लिही, आणि ज्या कचेरीत त्याच्या जमिनीचा निकाल लागे तेथील कागद उर्दूत असत. एका खातेदाराचे खाते दोन लिपींतून जाई, आणि त्यांपैकी बहुधा एकही त्याला वाचता येत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कचेरीची भाषा मराठी झाली. पण त्याच सुमारास मोडीचे शिक्षण मागे पडल्यामुळे घरोघरीची जुनी दप्तरे पुढच्या पिढीला मुकी झाली. लिपी बदलते तेव्हा भाषा तीच राहूनही वारसा तुटू शकतो.

हिशेबाची वही ही सत्ता असते, ह्याचा सर्वांत तीव्र पुरावा शेजारच्या ब्रिटिश मुलखात मिळतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. ह्या उठावाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता, तर कर्जरोखे व वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याची प्रत आपल्याजवळ नाही, त्याच्याविरुद्ध दाद मागण्याचा दुसरा मार्ग त्या शेतकऱ्यांना दिसला नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्यक कायद्याने धनकोवर पावती देण्याचे व ऋणकोस हिशेबाचा उतारा पुरविण्याचे बंधन घातले. त्या कायद्याच्या बाकी गुणदोषांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. ‘ऋणकोला स्वतःचे खाते पाहण्याचा हक्क आहे’ हे तत्त्व त्यातून पुढे आले, एवढे येथे पुरे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. त्याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला संस्थेच्या वह्यांतील स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला, आणि ८१ व्या कलमाने लेखापरीक्षणाची व्यवस्था केली. संगणकीय हिशेबाचे मूल्यमापनही ह्याच कसोटीवर झाले पाहिजे.

३

आता संगणकाकडे वळावयाचे. पश्चिमेकडील दुहेरी नोंदपद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली ह्याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. त्या पद्धतीतही रोजनामा प्रथम आणि खातेवही नंतर, हाच क्रम आहे. विसाव्या शतकात एडगर कॉड ह्याने १९७० मध्ये माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली, आणि आजचे बहुतेक हिशेबी डेटाबेस तीवरच उभे आहेत. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स ह्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये डेबियन ही प्रणाली सुरू झाली. बर्कली येथे १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर ह्याच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेसचे काम सुरू झाले. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेस-एस्क्यूएल हे नाव मिळाले. ह्या सर्वांचे समान लक्षण असे की, त्यांची मूळ संहिता कोणासही वाचता येते, तपासता येते व बदलता येते.

ह्या डेटाबेसची अंतर्गत रचना पाहिली असता एक विलक्षण साम्य नजरेस येते. पोस्टग्रेस-एस्क्यूएलच्या २००१ मध्ये आलेल्या ७.१ ह्या आवृत्तीपासून त्यात ‘आधी नोंद’ ठेवणारा लॉग आहे. कोणताही बदल मूळ तक्त्याच्या फायलीत उतरण्यापूर्वी तो ह्या लॉगमध्ये क्रमाने लिहिला जाऊन चकतीवर कायम झालाच पाहिजे, असा त्याचा नियम आहे. तक्त्यांत बदल सावकाश उतरतात. ठरावीक अंतराने सर्व बदल तक्त्यांत उतरल्याची खूण लॉगमध्ये केली जाते. मध्येच वीज गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना शेवटच्या खुणेपासून पुढचा लॉग वाचतो आणि राहिलेले बदल तक्त्यांत चढवितो. ज्या व्यवहाराच्या पूर्ततेची नोंद लॉगमध्ये नाही तो व्यवहार घडलाच नाही असे धरतो. लॉग म्हणजे रोजकीर्द आणि तक्ते म्हणजे खतावणी, असे म्हणावयास हरकत नाही. एक दुसऱ्याचे अनुकरण आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. प्रश्न समान असल्यामुळे उत्तर समान आले आहे. लिहिता लिहिता दिवा विझला तर खरे काय मानावयाचे, हा प्रश्न कारकुनापुढेही होता आणि यंत्रापुढेही आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र सिरसाळ्याच्याच तालुक्यात आहे. तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. भारनियमनाचा अनुभव ह्या भागातील प्रत्येक दुकानदाराला आहे. सभासदाने कर्जाचा हप्ता भरला, रोख शिल्लक वाढल्याची नोंद झाली आणि त्याच्या खात्यावर जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर नुकसान कोणाचे? दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधलेल्या असतील तर दोन्ही होतात, नाही तर एकही होत नाही. पावती मात्र व्यवहार पूर्ण झाल्यावरच छापली गेली पाहिजे. त्याच कारणास्तव ‘चकतीवर कायम झाल्याची खात्री करून घे’ ही मूळची आज्ञा वेग वाढविण्याच्या मोहाने बंद करणे हा हिशेबाच्या सर्व्हरवर अक्षम्य दोष होय.

४

असा सर्व्हर उभारण्याची रीत फार कठीण नाही. साध्या संगणकावर डेबियनसारखी प्रणाली बसवावयाची. तिच्याच भांडारातून पोस्टग्रेस-एस्क्यूएल घ्यावयाचे. अक्षरसंकेत यूटीएफ-८ ठेवावयाचा. मूळ स्थितीत हा सर्व्हर केवळ स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो. कार्यालयातील इतर संगणकांसाठी ५४३२ हे द्वार उघडावयाचे ते स्थानिक जाळ्यापुरतेच. कोणी, कोठून, कोणत्या डेटाबेसकडे, कोणत्या परवलीने यावे ह्याचे एक पत्रक सर्व्हरजवळ असते. देवडीवरच्या पहारेकऱ्याची यादीच ती. नंतर भूमिका ठरवावयाच्या. रोखपालास नवी नोंद करण्याचा अधिकार असावा, झालेली नोंद बदलण्याचा वा पुसण्याचा नसावा. चूक झाल्यास उलट नोंद करून ती दुरुस्त व्हावी. लेखापरीक्षकास केवळ वाचण्याचा अधिकार पुरेसा आहे. कीर्दीत खाडाखोड करावयाची नाही, हा जुना दंडक येथे यंत्राकडून पाळून घेता येतो.

तथापि सर्व्हरचा मुख्य व्यवस्थापक ह्या सर्व बंधनांच्या वर असतो, हे विसरता कामा नये. मराठी कागदाच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ अशी मुद्रा उमटवीत. तिच्या पुढे काही लिहिता येत नसे. तिचे कार्य आज असे साधता येईल : दररोज रात्री डेटाबेसची संपूर्ण प्रत काढावी, त्या प्रतीची गणिती खूण कागदावर छापावी, आणि तीवर सचिव व एक संचालक ह्यांनी सही करावी. मागाहून प्रतीतील एक अक्षर बदलले तरी खूण जुळणार नाही. एक प्रत कार्यालयाबाहेर, शक्य तर परळीस वा बीडला, ठेवावी. ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज तिला प्रत म्हणू नये.

रकमेच्या लेखनातही एक सूक्ष्म भेद आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे व १९२ पै होत असत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. यंत्र द्विमान पद्धतीने मोजते. त्या पद्धतीत एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, बिनचूक लिहिता येतो. परंतु एक पैसा, म्हणजे शंभरावा भाग, तंतोतंत लिहिता येत नाही. म्हणून तरत्या दशांशाच्या प्रकारात पैशाचा हिशेब ठेवल्यास हजारो नोंदींच्या बेरजेत ताळा चुकू शकतो. डेटाबेसमधील अचूक दशांश प्रकार निवडणे हाच त्यावर उपाय होय.

५

ह्यापुढील प्रश्न भाषेचा आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. देवनागरीला यूनिकोडमध्ये प्रथमपासून, म्हणजे १९९१ पासून, स्थान आहे. मोडीला ते २०१४ मध्ये मिळाले. परंतु अक्षर यंत्रात आले म्हणजे भाषा आली असे नव्हे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, यूनिकोडच्या क्रमात तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. केवळ संकेतक्रमाने यादी लावल्यास ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी येते, मराठी कोशाच्या सवयीने शोधणाऱ्याला ते तेथे सापडत नाही. भाषानुसारी क्रमवारीची सोय पोस्टग्रेस-एस्क्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अधिक चांगली झाली आहे. पण ती हेतुतः निवडावी लागते.

याहून गंभीर अडचण ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ ह्यांतील अर्ध्या रकाराची आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव यंत्रात दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते : एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य सांधा जोडून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे वाटतात. एका कळफलकावरून कर्जाची नोंद झाली व दुसऱ्यावरून वसुलाची, आणि खाते नावावरून शोधले जात असेल, तर एकाच सभासदाची दोन खाती होतात. एका खात्यावर पूर्ण थकबाकी आणि दुसऱ्यावर पूर्ण जमा. नोटीस मात्र पहिल्या खात्यावरून निघते. खाते क्रमांकाने ओळखणे व नोंद करतानाच नावाचे रूप एक करून घेणे, एवढी काळजी घेतल्यास हे टळते. इंग्रजी नावांवर पारखलेल्या प्रणालीला हा दोष दिसतच नाही. मराठी जाणणाऱ्याने संहिता उघडून पाहिली तरच तो दुरुस्त होतो. मुक्त संहितेचे व्यावहारिक मूल्य येथे आहे.

महाराष्ट्रात अशी साधने निर्माण झालेली आहेत. मुंबईच्या कृष्णकांत माने ह्यांच्या पुढाकाराने विकसित झालेले ‘ग्नूखाता’ हे मुक्त हिशेबसाधन पोस्टग्रेस-एस्क्यूएलवर चालते. त्याच्या नावातच आपले जुने ‘खाते’ आहे. मुंबईच्याच फ्रापे ह्या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ मारियाडीबीचा आधार घेते. सीडॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली दिली, आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत साधनांना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. तरीही बाजारपेठेत ‘टॅली’चे नाव इतके रूढ आहे की, कित्येक ठिकाणी ‘टॅली करणे’ म्हणजेच हिशेब लिहिणे झाले आहे. हा शब्द खाचा पाडलेल्या काठीच्या लॅटिन नावावरून इंग्रजीत आला. मराठी ‘ताळा’ शब्दाशी त्याचे साम्य योगायोगाचे आहे. परंतु त्या साम्यामुळेच तो मराठी कानाला परका वाटला नसावा.

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. ह्या योजनेत समान प्रणाली असून दप्तर गावाबाहेरच्या मेघसर्व्हरवर राहते. तिचे लाभ उघड आहेत : सुरक्षितता, एकसारखी तपासणी आणि गावपातळीवरील फेरफारास आळा. गावातील सर्व्हर हाच सर्वत्र श्रेयस्कर, असा आग्रह म्हणूनच धरता येणार नाही. निष्काळजीपणे ठेवलेला स्थानिक सर्व्हर हा ओल्या कोपऱ्यातल्या रुमालाइतकाच निरुपयोगी होय. परंतु दप्तर दूर गेले म्हणून सभासदाचा हक्क दूर जाता कामा नये. पटवाऱ्याच्या मोडीने आणि कचेरीच्या उर्दूने जे अंतर निर्माण केले होते, तेच इंग्रजी पडद्याने पुन्हा निर्माण झाले, तर इतक्या स्थित्यंतरांतून साधले काय, असा प्रश्न उरेल.

सर्व्हर सिरसाळ्यात असो की दूरच्या महानगरात, त्याची पारख एकाच गोष्टीने व्हावी. संस्थेच्या दाराशी आलेल्या सभासदाने ‘माझे खाते दाखवा’ असे म्हटले असता, त्याच्या भाषेत, त्याच्या लिपीत, पहिल्या नोंदीपासून आजच्या बाकीपर्यंतचा उतारा त्याच्या हाती पडला पाहिजे, आणि त्या बाकीचा ताळा त्याला स्वतःला घेता आला पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यांना हे मिळाले असते, तर वह्या जाळण्याचे त्यांना कारण उरले नसते.